आइन्स्टाइन ‘चुकला’ असं छापण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘क्वांटम गुरुत्व’, म्हणजे गुरुत्वालाही अणूंच्या जगाचे क्वांटम नियम लावणं, हा शब्द बातमीत आला की मथळा जवळजवळ ठरलेलाच असतो. एक तर ‘आइन्स्टाइनला धक्का’, नाहीतर ‘विश्वाचं कोडं सुटलं’. खाली मजकुरात एक वाक्य हमखास सापडतं : व्यापक सापेक्षता (आइन्स्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धांत) आणि क्वांटम सिद्धांत (अणू आणि कणांचे नियम) यांचं एकमेकांशी पटत नाही. हा विषय शिकवणाऱ्यांना त्या वाक्याचा त्रास होतो, कारण ते अर्धंच खरं आहे आणि गंमत सगळी उरलेल्या अर्ध्यात आहे. हे दोघे कुठे एकत्र नांदतात, कुठे मोडतात, आणि मोडले तर कोणाला किती बदलावं लागेल, हे आकड्यांत सांगता येतं. ते सांगावं म्हणून हे पत्र. लांबलं आहे. काटछाट करायचीच झाली तर पुढे येणारा हिऱ्यांच्या प्रयोगाचा भाग तेवढा ठेवा.

आधी जिथे भांडण नाही ती जागा. दोन वस्तूंमधलं गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या सूत्राने काढायचं, त्यावर सापेक्षतेची दुरुस्ती करायची आणि मग क्वांटमची, हे गणित आज व्यवस्थित करता येतं. जॉन डोनोह्यू यांनी १९९४ मध्ये त्याची वाट घालून दिली आणि २००३ पर्यंत क्वांटम दुरुस्तीचा गुणक नक्की झाला : ४१ भागिले १० पाय, म्हणजे सुमारे १.३. प्लांक लांबीचा वर्ग घ्यायचा, त्याला वस्तूंमधल्या अंतराच्या वर्गाने भागायचं आणि हा गुणक लावायचा. प्लांक लांबी म्हणजे १.६ गुणिले दहाचा उणे पस्तिसावा घात मीटर. एक मीटर अंतरावर ही दुरुस्ती मूळ बलाच्या दहाच्या उणे सत्तराव्या घाताच्या आसपास येते. प्रोटॉनच्या रुंदीएवढ्या अंतरावरही ती दहाच्या उणे चाळिसाव्या घातापाशीच घुटमळते. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं सापेक्षतेमुळे दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात आणि ते लक्षात घ्यावंच लागतं. क्वांटम गुरुत्वाची दुरुस्ती मात्र कोणत्याही उपग्रहाला कधी करावी लागणार नाही. सापेक्षतेमुळे बुधाची कक्षा शतकाला जी ४३ विकला (कोनाचं अगदी लहान माप) जास्त फिरते, ते ४३ उद्या कोणताही सिद्धांत आला तरी ४३ च राहणार आहेत.

मग मोडतं कुठे? या गणितात ऊर्जा वाढवत नेली की प्रत्येक पायरीवर नवी अनंतं उगवतात आणि प्रत्येक अनंत झाकायला एक नवा स्थिरांक लागतो, जो फक्त प्रयोगानेच ठरवता येतो. पायऱ्या संपत नाहीत, म्हणून स्थिरांकही संपत नाहीत. जेरार्ड ट हूफ्ट आणि मार्टिनस व्हेल्टमन यांनी १९७४ मध्ये दाखवलं की गुरुत्वाबरोबर पदार्थ घेतला तर पहिल्याच पायरीवर अडतं, नुसतं गुरुत्व मात्र पहिल्या पायरीवरून सुखरूप सुटतं. नुसतं गुरुत्व दुसऱ्या पायरीवरही निभावेल अशी थोडी आशा होती. १९८५ मध्ये गोरॉफ आणि सॅग्नोटी यांनी तो प्रचंड हिशेब केला. अनंताच्या पुढचा गुणक शून्य आला असता तर सगळे सुटले असते. आला २०९ भागिले २८८०. इतक्या मोठ्या आशेवर इतक्या किरकोळ दिसणाऱ्या अपूर्णांकाने पाणी फिरवल्याचं उदाहरण भौतिकशास्त्रात क्वचितच सापडेल.

पण अनंतं हे लक्षण झालं. दुखणं त्याहून जुनं आहे आणि ते मात्वेई ब्रॉनस्टाइन यांनी १९३६ मध्येच लेनिनग्राडमध्ये ओळखलं होतं. त्यांचा युक्तिवाद आज साधारण असा मांडतात. एखादी बारीक जागा ‘पाहायची’ तर तितक्याच आखूड तरंगलांबीचा प्रकाश हवा. तरंगलांबी जितकी आखूड, तितकी ऊर्जा जास्त. आणि आइन्स्टाइनच्या हिशेबाने ऊर्जेलाही गुरुत्व असतं. प्लांक लांबीपर्यंत पोहोचता पोहोचता त्या एवढ्याशा जागेत इतकी ऊर्जा कोंबावी लागते की तिचं कृष्णविवरच होतं आणि पाहायची ती जागा त्याच्या आत गडप होते. आणखी जोर लावला तर कृष्णविवर मोठं होतं, म्हणजे दिसणं आणखी बिघडतं. ‘एखाद्या बिंदूपाशी अवकाशाची वक्रता इतकी’ या आइन्स्टाइनच्या वाक्याला या पट्टीच्या खाली मोजमापाचा आधारच राहत नाही. ब्रॉनस्टाइन यांना पुढच्याच वर्षी अटक झाली आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. वय ३१.

तिथवर थेट पोहोचायचं तर लागणारी ऊर्जा जिनिव्हाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या सुमारे दहा कोटी कोटी पट आहे. ‘क्वांटम गुरुत्व तपासताच येत नाही’ ही समजूत इथून आली. ती आता जुनी झाली, ती का ते खाली येतं.

त्याआधी महाराष्ट्राशी नातं असलेला एक धागा, कारण त्याबाबत बातम्यांत फार गोंधळ असतो. अभय अष्टेकर यांचा जन्म शिरपूरचा, काम अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांमध्ये लिहिली. अंतर मोजणाऱ्या राशीऐवजी, बाण एका जागेहून दुसरीकडे सरकवताना तो किती वळतो हे सांगणारी राशी मुख्य धरली. त्याने समीकरणांचं रूप विद्युतचुंबकत्वासारख्या क्षेत्रांच्या समीकरणांच्या जवळ आलं आणि त्यावर लूप क्वांटम गुरुत्व उभं राहिलं. त्यात क्षेत्रफळ हवं तितकं लहान करता येत नाही. सगळ्यात लहान शून्येतर क्षेत्रफळ प्लांक लांबीच्या वर्गाच्या सुमारे पाचपट निघतं. या पाचामागे इमिर्झी नावाचा एक अंक दडलेला आहे. सिद्धांत तो स्वतःहून देत नाही. कृष्णविवराची एन्ट्रॉपी (आतल्या अव्यवस्थेचं माप) बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांच्या उत्तराशी जुळावी म्हणून तो ०.२४ च्या आसपास धरावा लागतो. जुळवून घेतलेल्या अंकाला भाकीत म्हणत नाहीत.

हेच विश्वाला लावून २००६ मध्ये अष्टेकर, पॉलॉव्हस्की आणि परमप्रीत सिंग यांनी जो हिशेब केला, त्यात विश्वाच्या प्रसरणाच्या समीकरणाला एक साधा गुणक चिकटतो : एक वजा घनता भागिले एक कमाल घनता. आजच्या घनतेला तो गुणक इतका एकाच्या जवळ असतो की फरक शोधूनही सापडणार नाही. घनता प्लांक घनतेच्या ०.४१ पट झाली की तो शून्य होतो, आकुंचन थांबतं आणि विश्व उलट प्रसरण पावू लागतं. महास्फोटाच्या जागी उसळी. आइन्स्टाइनच्या समीकरणांत जिथे अनंत येतं, तिथे इथे मर्यादित आकडा येतो, आणि क्वांटम गुरुत्व व्यापक सापेक्षतेला कसा आकार देईल याचं याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला माहीत नाही. पण एक खोच आहे. या हिशेबात विश्व आधीच सगळीकडे सारखं धरलं जातं आणि मग त्याला क्वांटम नियम लावले जातात. आधी क्वांटम नियम, मग सारखेपणा, असा उलटा क्रम घेतला तर हेच उत्तर येईल का, हे पूर्ण सिद्धांतातून निघालेलं नाही. त्यामुळे ‘महास्फोट झालाच नाही, मराठी शास्त्रज्ञाने सिद्ध केलं’ असं छापलं तर अभिमान वाटेल, पण ते खरं नसेल.

आता हिरे. डिसेंबर २०१७ मध्ये एकाच नियतकालिकात लागोपाठ दोन निबंध आले. एक सौगतो बोस आणि सहकाऱ्यांचा, दुसरा ऑक्सफर्डच्या कियारा मार्लेट्टो आणि व्लात्को वेद्राल यांचा. प्लांक लांबीच्या वाटेलाच जायचं नाही, हे दोन्हींचं म्हणणं. त्याऐवजी एकच प्रश्न : वस्तू एकाच वेळी दोन जागी असेल, तर तिचं गुरुत्वही एकाच वेळी दोन प्रकारचं असतं का? हा प्रश्न फाइनमन यांनी १९५७ च्या चॅपल हिल परिषदेत विचारला होता. त्याला प्रयोगाची कृती मिळायला साठ वर्षं लागली.

कृती अशी. दोन सूक्ष्म हिरे घ्यायचे, प्रत्येकाचं वस्तुमान दहाचा उणे चौदावा घात किलो. (घात आम्ही शब्दांत लिहितो आहोत, कारण छापताना वर चढवलेला आकडा हटकून खाली उतरतो आणि ‘१०-१४ किलोचा हिरा’ होतो. इतका मोठा हिरा असता तर पैशांची चणचण कुठल्याच प्रयोगशाळेला भासली नसती.) असा हिरा साधारण १.८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद भरतो, केसाच्या जाडीच्या चाळिसाव्या भागाएवढा, आणि त्यात कार्बनचे सुमारे पन्नास हजार कोटी अणू असतात. त्यात मुद्दाम एक खोट ठेवायची : एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी. सराफ ज्याला नाक मुरडेल, तेच इथे कामाचं, कारण त्या खोटेत असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनला (इलेक्ट्रॉन इवल्याशा चुंबकासारखा वागतो तो गुण) मायक्रोवेव्हच्या झटक्याने ‘वर’ आणि ‘खाली’ अशा दोन्ही अवस्थांत एकदम ठेवता येतं. मग हिरा अशा चुंबकीय क्षेत्रात सोडायचा जे जागेनुसार झपाट्याने बदलतं. मूळ प्रस्तावात हा बदल मीटरला दहा लाख टेस्ला धरला आहे. वरचा स्पिन हिऱ्याला एका बाजूला ओढतो, खालचा दुसऱ्या बाजूला, आणि अख्खा हिरा २५० मायक्रॉन अंतरावरच्या दोन जागी एकाच वेळी असतो.

दुसऱ्या हिऱ्याचंही तेच. दोघांच्या मध्यांतलं अंतर ४५० मायक्रॉन. आता चार शक्यता झाल्या. दोघे आपापल्या डाव्या फाट्यावर (दोन जागांपैकी डावीकडच्या) किंवा दोघे उजव्या फाट्यावर असतील तर अंतर ४५०. एकमेकांकडे तोंड केलेल्या फाट्यांवर असतील तर २००. पाठ केलेल्या फाट्यांवर असतील तर ७००. असे अडीच सेकंद ठेवायचे, मग दोन्ही फाटे पुन्हा जुळवायचे आणि स्पिन वाचायचे.

या अडीच सेकंदांत गुरुत्व काय करतं, ते वहीच्या कोपऱ्यात काढता येतं. प्रत्येक शक्यतेच्या क्वांटम अवस्थेची फेज, म्हणजे लाट आपल्या फेऱ्यात कुठवर आली ते सांगणारा कोन, फिरते. किती, तर गुरुत्वस्थिरांक गुणिले वस्तुमानाचा वर्ग गुणिले वेळ, भागिले प्लांकचा स्थिरांक (दोन पायने भागलेला) आणि अंतर. आकडे घातले की २०० मायक्रॉनला ०.७९ रेडियन येतात, ४५० ला ०.३५ आणि ७०० ला ०.२३. जवळची अधिक लांबची वजा मधल्या दोन, असं केलं की शिल्लक राहतात ०.३१ रेडियन, म्हणजे अठरा अंश. ही शिल्लक शून्य असती तर दोन हिऱ्यांत काहीच घडलं नसतं. ती शून्य नाही, म्हणून एका हिऱ्याचा स्पिन दुसऱ्याच्या स्पिनशी एन्टँगल होतो : दोघांची मिळून एकच अवस्था उरते, एकेकट्याची वेगळी सांगता येत नाही. प्रयोग हजारो वेळा करायचा, दोन स्पिनांच्या ठरावीक दिशांमधल्या मोजमापांचे गुणाकार घेऊन सरासऱ्या काढायच्या. त्यांतून बनवलेला एक आकडा १ च्या वर गेला तर एन्टँगलमेंट आहे. १ च्या वर नाही गेला तर दाखवता आली नाही.

गंमत पाहा. त्याच अडीच सेकंदांत एक हिरा दुसऱ्याच्या ओढीने प्रत्यक्षात किती सरकतो? दहाच्या उणे सतराव्या घाताएवढे मीटर, म्हणजे प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. सरकणं मोजायला गेलात तर हाती काही लागणार नाही. फेज मोजायला गेलात तर अठरा अंश. प्रयोगाची सगळी भिस्त या तफावतीवर आहे.

बिघडतं काय आणि का, हे त्याहून महत्त्वाचं, कारण प्रस्ताव येऊन इतकी वर्षं झाली तरी प्रयोग झालेला नाही. पहिला शत्रू वीजभार. दोन्ही हिऱ्यांवर एकेक इलेक्ट्रॉन जरी जादा राहिला, तरी त्यांच्यातलं विद्युतबल गुरुत्वाच्या साडेतीन हजार कोटी पट होतं. भार पूर्ण उतरवला तरी हिऱ्याच्या आत धन आणि ऋण भार किंचित सरकलेले असू शकतात आणि तेवढंही पुरतं. दुसरा शत्रू कॅसिमिर-पोल्डर बल. निर्वातातही जवळच्या वस्तू एकमेकींना ओढतात, आणि ते बल अंतर कमी झालं की गुरुत्वापेक्षा कितीतरी वेगाने वाढतं. दोन फाटे २०० मायक्रॉनपेक्षा जवळ येऊ द्यायचे नाहीत, हे बंधन इथून आलं. दोन हिऱ्यांमध्ये वीजवाहक पातळ पत्रा उभा केला तर त्यांना आणखी जवळ आणता येईल, असं २०२० मध्ये सुचवलं गेलं. पण मग पत्र्याची थरथर आणि हिऱ्याची पत्र्याकडची ओढ हा वेगळा जमाखर्च मागे लागतो.

तिसरा शत्रू हवा. हवेचा एक रेणू हिऱ्यावर आपटून गेला तरी हिरा कोणत्या फाट्यावर होता याची खबर त्याच्याबरोबर बाहेर जाते आणि दोन जागी असणं संपतं. म्हणून दाब लागतो दहाचा उणे पंधरावा घात पास्कल आणि तापमान ०.१५ केल्विन. या स्थितीत घन सेंटिमीटरमध्ये पाचशेच्या आसपास रेणू उरतात. आपल्या खोलीतल्या हवेत तेवढ्याच जागेत अडीच कोटींच्या लाख कोटी पट असतात. तापमान कमी हवं कारण गरम हिरा स्वतःच प्रकाश टाकतो आणि तोही चहाडी करतो. चौथी अडचण उंचीची. अडीच सेकंद मोकळं पडायचं म्हणजे तीस मीटर, दहा मजली इमारतीएवढं. पडू द्यायचं नसेल तर तरंगत ठेवावं लागतं आणि तरंगवणाऱ्या क्षेत्राचा गोंगाट सोसावा लागतो. पाचवी अडचण हिऱ्याचीच. तो प्रतिचुंबकीय आहे, म्हणजे स्पिनशी संबंध नसताना अख्खा हिरा चुंबकीय क्षेत्राला विरोध करतो. क्षेत्राचा उतार जितका तीव्र, तितका हा विरोध हिऱ्याला मधल्या खळग्यात ढकलतो आणि फाटे लांब जाऊ देत नाही. सरळ गणितात २५० मायक्रॉन सोपे वाटतात. हा परिणाम घेतला की घाम फुटतो.

आज आपण कुठे आहोत? दोन टोकं सांगतो. एकाच वेळी दोन वाटांनी जाताना दाखवलेले जड रेणू २०१९ मध्ये व्हिएन्नात २५,००० अणुभारांच्या (एक अणुभार म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूएवढं वस्तुमान) वर पोहोचले. अपेक्षित हिरा त्यांच्या सुमारे चोवीस कोटी पट जड आहे. दुसऱ्या टोकाला, ज्याचं गुरुत्व प्रत्यक्ष मोजलं गेलं अशी लहान वस्तू म्हणजे २०२१ मधला, पुन्हा व्हिएन्नातलाच, ९० मिलिग्रॅमचा सोन्याचा गोळा. तो हिऱ्याच्या नऊशे कोटी पट जड. दोन्ही बाजूंनी पूल बांधत यायचं आहे आणि मधलं पाणी बरंच आहे. ‘लवकरच’ हा शब्द बातमीत टाळलेला बरा.

इथे एक घोटाळा वारंवार होतो. १९७५ मध्ये कोलेला, ओव्हरहाउझर आणि वर्नर यांनी सिलिकॉनच्या एकसंध स्फटिकातून न्यूट्रॉन दोन वाटांनी पाठवले. एक वाट दुसरीपेक्षा काही सेंटिमीटर उंच होती, आणि पृथ्वीच्या गुरुत्वाने पडलेला फेजमधला फरक त्यांनी मोजला. मोठा प्रयोग. पण त्यात दोन जागी होता तो न्यूट्रॉन. पृथ्वी एकाच जागी होती आणि तिचं गुरुत्व नेहमीचंच. कण क्वांटम असणं वेगळं आणि गुरुत्व क्वांटम असणं वेगळं. कुठलीही बातमी हाती आली की तीत दोन जागी नेमकं काय होतं, हे आधी बघावं.

समजा हिरे एन्टँगल झाले. क्वांटम माहितीशास्त्रात एक प्रमेय आहे : दोघांमध्ये फक्त साध्या, अभिजात (म्हणजे क्वांटम नसलेल्या) निरोप्यामार्फत देवाणघेवाण होत असेल तर त्यांच्यात नवी एन्टँगलमेंट तयार होऊ शकत नाही. मग निरोप्या, म्हणजे गुरुत्व, अभिजात नाही. याची किंमत आइन्स्टाइनच्या बाजूने चुकवावी लागेल. व्यापक सापेक्षतेत अवकाशकालाची भूमिती एकच असते. आता हिरा डावीकडे असतानाची एक आणि उजवीकडे असतानाची दुसरी, अशा दोन भूमिती एकत्र घ्याव्या लागतील, आणि एका भूमितीतला बिंदू म्हणजे दुसरीतला नेमका कोणता, याला उत्तर नसेल. क्वांटम सिद्धांतही सुटत नाही. त्याच्या समीकरणात काळ बाहेरून दिलेला असतो, भिंतीवरच्या घड्याळासारखा. भूमितीच डळमळीत झाली तर ते घड्याळ टांगायचं कुठे? व्हीलर आणि डीविट यांचं १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेलं समीकरण पाहावं. त्यात काळ हा चलच उरत नाही, आणि त्यातून रोजचा काळ परत कसा काढायचा यावर अजून एकमत नाही.

समजा, सगळी काळजी घेऊनही एन्टँगलमेंट दिसली नाही. मग बदलण्याची पाळी क्वांटमची. रॉजर पेनरोज आणि लायोश दिओशी यांचं म्हणणं असं की गुरुत्वच दोन जागी असणं मोडतं, आणि वस्तुमान जितकं मोठं तितकं लवकर. यातलं सगळ्यात साधं रूप इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखाली जर्मेनियमच्या डिटेक्टरने तपासलं गेलं. अवस्था अशी कोसळताना कणांना बसणाऱ्या हिसक्यांतून जो किरणोत्सार अपेक्षित होता, तो मिळाला नाही, आणि ते साधं रूप २०२० मध्ये बाद झालं. दुरुस्त रूपं शिल्लक आहेत. लंडनचे जोनाथन ओपनहाइम यांनी २०२३ मध्ये वेगळी वाट मांडली : गुरुत्व अभिजातच, पण त्यात मुळातच यादृच्छिक, म्हणजे आधी सांगता न येणारी, थरथर. थरथर कमी धरली तर वस्तूंचं दोन जागी असणं लवकर मोडायला हवं. ते टिकत असेल तर थरथर मोठी हवी, आणि मग एक किलोचं वजन अत्यंत बारकाईने पुन्हा पुन्हा मोजलं तर ते किंचित मागेपुढे दिसायला हवं. दोन्हीकडून चिमटा बसतो. म्हणून हा सिद्धांत आम्हाला आवडतो, पटतो की नाही हा प्रश्न निराळा. कार्लो रोव्हेली आणि जेफ पेनिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी ओपनहाइम यांच्याशी याच मुद्द्यावर पाच हजारास एक अशी पैज लावली आहे.

आणखी एक पदर आहे. २०२५ मध्ये जोसेफ अझीझ आणि रिचर्ड हाउल यांनी दाखवल्याचा दावा केला की पदार्थाला पूर्ण क्वांटम क्षेत्राचे नियम लावले तर गुरुत्व अभिजात ठेवूनही थोडी एन्टँगलमेंट निघू शकते. त्यावर लगेच वाद सुरू झाला. तो कसाही मिटला तरी प्रयोग करणाऱ्यांना आता नुसतं ‘आहे किंवा नाही’ पुरणार नाही. वस्तुमान आणि अंतर बदलून परिणाम कोणत्या प्रमाणात बदलतो, हेही मोजावं लागेल.

काही गोष्टी तपासून बादही झाल्या आहेत, त्यांची बातमी मात्र होत नाही. अवकाशकाल प्लांक पट्टीवर दाणेदार असेल तर जास्त ऊर्जेचा प्रकाश थोडा रेंगाळेल, असं काही प्रारूपांत निघत होतं. मे २००९ मधल्या एका गॅमा किरण स्फोटातून निघालेला ३१ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन ७ अब्ज वर्षांहून जास्त प्रवास करून फर्मी दुर्बिणीत आला, आणि स्फोट सुरू झाल्यापासून सेकंदाच्या आत आला. ऊर्जेच्या सरळ प्रमाणात रेंगाळणं सांगणारी प्रारूपं त्या एका फोटॉनने अडचणीत आणली. म्हणजे प्लांक पट्टीबद्दल आकाशातून काहीतरी कळतं. कोलायडर बांधल्याशिवाय काहीच कळत नाही, असं नाही.

शेवटचं, हिंगोलीचं. औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे आणि तिच्या वर्णनांत ‘क्वांटम’ हा शब्द वाढत जाणार, कारण अशा यंत्रांत ‘स्क्वीझ’ केलेला, म्हणजे क्वांटम गोंगाट दाबलेला, प्रकाश वापरतात. अमेरिकेतल्या लायगोत प्रकाशाच्या क्वांटम गोंगाटाने ४० किलोचे आरसे दहाच्या उणे विसाव्या घाताएवढे मीटर हलतात, हे २०२० मध्ये मोजलं गेलं. ते क्वांटम आहे ते प्रकाशाचं, गुरुत्वाचं नाही. गुरुत्वीय लहरी सापडणं म्हणजे ग्रॅव्हिटॉन (गुरुत्वाचा एक सुटा पुंज) सापडणंही नाही. समुद्राची लाट दिसली म्हणून पाण्याचा रेणू दिसला असं होत नाही. फ्रीमन डायसन यांनी हिशेब करून ठेवला आहे : लायगोच्या पद्धतीने एक सुटा ग्रॅव्हिटॉन टिपायचा तर दोन आरसे इतके जड आणि इतके जवळ घ्यावे लागतात की ते यंत्र राहत नाही, त्याचं कृष्णविवर होतं. २०२४ मध्ये वेगळ्या मार्गाचा, अतिशीत धातूच्या दांड्यात ऊर्जेचा एकेक पुंज मोजण्याचा प्रस्ताव आला आहे. तो तरी फार तर इतकंच सांगेल की ऊर्जा पुंजांत शोषली गेली. लहर स्वतः पुंजांची होती हे त्यातून वेगळं सिद्ध करावं लागेल.

आपले,
भौतिकशास्त्राचे दोन शिक्षक, पुणे